आपलाच डाव आणि त्याची ओपनिंग कशी अभ्यासावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पर्धेच्या दोन फेऱ्यांमधल्या वेळात, क्लबात आणि शिकवणीत हेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. ओपनिंग म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या, बऱ्याचशा ठरलेल्या चाली. उत्तरे हौशी खेळाडूंसाठी आहेत. नोकरी किंवा शाळा सांभाळून खेळणाऱ्या आणि बुद्धिबळाला आठवड्यातले दोन-तीन तासच देऊ शकणाऱ्या माणसासाठी.

चाली लिहिताना राजाला रा, वजिराला व, हत्तीला ह, उंटाला उं, घोड्याला घो असे लिहिले आहे. उभ्या पट्ट्या ए ते एच. × म्हणजे मारणे, + म्हणजे शह. प्याद्याच्या चालीला फक्त घराचे नाव. प्रत्येक आकड्यापुढे आधी पांढऱ्याची चाल, मग काळ्याची. आकड्यापुढे तीन टिंबे असली तर ती काळ्याची चाल.

माझे रेटिंग अगदीच कमी आहे. माझ्या डावात अभ्यासण्यासारखे काय असणार?

सगळ्यात जास्त तिथेच असते. नाशिकच्या विदित गुजराथीचे किंवा नागपूरच्या दिव्या देशमुखचे डाव जरूर पाहावेत. २०२५ मध्ये बातुमीला दिव्याने महिला विश्वचषक जिंकला, ते डाव कुठल्याही मराठी मुलीने पटावर मांडून बघावेत असेच आहेत. पण त्या पातळीवर माणूस ज्या कारणाने हरतो, ते कारण आपल्या डावात उगवायला फार काळ जावा लागतो. आपल्याकडे उंट फुकट जातो, कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकत्र हलवून राजाला सुरक्षित जागी नेणे) राहून जाते, समोरच्याची धमकी दिसत नाही. हे सगळे आपल्याच स्कोअरशीटवर (चाली लिहिण्याच्या कागदावर) लिहिलेले असते. शिवाय ती चाल खेळताना मनात काय चालले होते, ते आपल्याखेरीज कोणालाच ठाऊक नसते. कुठलाही प्रशिक्षक किंवा इंजिन (बुद्धिबळ खेळणारा संगणक प्रोग्राम) ते सांगू शकत नाही.

जगज्जेते मिखाईल बोटविनिक यांचा आग्रह असे की खेळाडूने आपल्या डावांचे विश्लेषण करावे आणि ते प्रसिद्धही करावे, म्हणजे दुसऱ्यांना त्यातल्या चुका दाखवता येतील. प्रसिद्ध करणे आपल्याला जमणार नाही. क्लबातल्या एका माणसाला दाखवणे नक्की जमेल.

कोणता डाव घ्यावा?

ज्यात विचार करायला वेळ होता, असा. क्लासिकल, म्हणजे लांब वेळेच्या, डावात चाली लिहिणे नियमानेच बंधनकारक असते, त्यामुळे नोंद आपोआप हातात येते. रॅपिड आणि ब्लिट्झ या झटपट डावांना ते बंधन नाही. ऑनलाइन ब्लिट्झचे डाव साठवलेले असतात खरे, पण तीन मिनिटांच्या डावात झालेली चूक समज नसल्याने झाली की घाईने, ते नंतर कळत नाही.

एक सवय मात्र लावून घ्या. दर चार-पाच चालींनी चालीशेजारी घड्याळातला उरलेला वेळ लिहायचा. नंतर डाव बघताना तो आकडा फार बोलतो. ज्या चालीवर तुम्ही पंधरा मिनिटे घालवली आणि तरीही चुकलात, तिथे काहीतरी शिकायचे राहिले आहे. जी चाल दहा सेकंदांत खेळून चुकलात, तिथे शिकण्याचा नाही, बसण्याच्या सवयीचा प्रश्न आहे.

डाव संपला की लगेच इंजिन लावले तर काय बिघडते?

इंजिन उत्तर देते आणि तुमचा प्रश्नच पुसून टाकते. पटावर लाल खूण दिसली की आपण म्हणतो, ‘हां, ही चूक झाली’, आणि पुढच्या चालीवर जातो. चूक का झाली हे विचारायचे राहून जाते, आणि पुढच्या महिन्यात तीच चूक वेगळ्या कपड्यात परत येते.

म्हणून आधी लाकडी पट, स्कोअरशीट आणि पेन. तीन प्रकारच्या जागा शोधा: जिथे तुम्ही दोन चालींमध्ये अडखळलात, जिथे समोरच्याच्या चालीने दचकलात, आणि जिथे तुम्हाला वाटले की आता डाव हातात आला किंवा गेला. प्रत्येक ठिकाणी तेव्हा काय वाटले ते एका ओळीत लिहा. ‘वजिराची भीती वाटली म्हणून मागे घेतला’ एवढे पुरे. हे लिहून झाल्यावरच इंजिन सुरू करा. तुमची ओळ आणि इंजिनची चाल यांच्यात जिथे सर्वांत जास्त अंतर पडते, तिथे थांबा.

एखादा डाव घेऊन दाखवाल का?

हो. हा नमुन्याचा डाव आहे, पण याची सख्खी भावंडे कुठल्याही शालेय स्पर्धेत सापडतील. ओपनिंग आहे टू नाइट्स डिफेन्स. पट जवळ घ्या.

१. ई४ ई५ २. घो-एफ३ घो-सी६ ३. उं-सी४ घो-एफ६ ४. घो-जी५ डी५ ५. ई×डी५ घो-ए५ ६. उं-बी५+ सी६ ७. डी×सी६ बी×सी६ ८. उं-ई२ एच६ ९. घो-एफ३ ई४ १०. घो-ई५ उं-डी६

इथपर्यंत दोघेही शेकडो वर्षे मळलेल्या वाटेवर आहेत. पांढऱ्याकडे एक प्यादे जास्त आहे. त्या बदल्यात काळ्याची मोहरी झपाझप बाहेर येत आहेत आणि पांढऱ्याच्या घोड्याला पुन्हा पुन्हा पळावे लागत आहे. पुढे:

११. घो-सी४ घो×सी४ १२. उं×सी४ कॅसलिंग १३. कॅसलिंग उं×एच२+ १४. रा×एच२ घो-जी४+ १५. रा-जी१ व-एच४ १६. ह-ई१ व×एफ२+ १७. रा-एच१ व-एच४+ १८. रा-जी१ व-एच२+ १९. रा-एफ१ व-एच१+ २०. रा-ई२ व×जी२ मात.

पांढऱ्याने खेळणारा मुलगा उठताना हमखास म्हणतो, ‘तेराव्या चालीला कॅसलिंग केले तिथे चुकलो.’ हे अर्धेच खरे आहे. तेरावी चाल ही शेवटची चूक होती. त्याआधीचा हिशोब मांडा. पांढऱ्याच्या पहिल्या बारा चालींपैकी पाच एकाच घोड्याच्या आहेत: एफ३, जी५, पुन्हा एफ३, ई५, सी४. आणि शेवटी तो घोडा मारलाही गेला. चार चाली एकाच उंटाच्या: सी४, बी५, ई२, पुन्हा सी४. उरलेल्या तीन चाली ई प्याद्याच्या, तेही सी६ वर खर्ची पडले. म्हणजे कॅसलिंगच्या वेळी वजिराच्या बाजूचा घोडा, उंट, हत्ती आणि स्वतः वजीर आपापल्या घरीच बसून आहेत. डी२ चे प्यादे हललेलेच नाही, त्यामुळे सी१ च्या उंटाला दारच नाही. राजाच्या बचावाला धावून येणारे कोणी नाही, आणि समोर काळ्याचा उंट, घोडा, वजीर तिघेही राजाच्या दिशेने वाट मोकळी ठेवून उभे आहेत.

आता अकराव्या चालीकडे परत या. तिथे ११. डी४ ही जुनी, पक्की चाल होती. काळा एन पासांने (दोन घरे पुढे आलेले शेजारचे प्यादे वाटेतच मारण्याच्या नियमाने) ई×डी३ मारतो, पांढरा १२. घो×डी३ घेतो. घोडा नीट बसतो, सी१ च्या उंटाची वाट उघडते, आणि सर्वांत मोठी गोष्ट, ई४ चे काळे प्यादे पटावरून नाहीसे होते. आमच्या डावात तेच प्यादे शेवटपर्यंत एफ३ आणि डी३ ही घरे आवळून बसले होते. राजा ई२ वर आला तेव्हा त्याला डी३ ला जाता आले नाही ते त्या प्याद्यामुळे. दहाव्या चालीला साधे वाटणारे प्यादे विसाव्या चालीला मात देण्यात सामील झाले.

अभ्यास म्हणजे हा असा धागा मागे ओढत नेणे.

काळ्याच्या बाजूने या डावात काय शिकावे?

सोळाव्या चालीचा क्रम. हात शिवशिवतो तो १६... व-एच२+ साठी. तो खेळून बघा: १७. रा-एफ१ व-एच१+ १८. रा-ई२ व×जी२. वजीर तिथेच पोहोचला, पण आता एफ२ वर पांढरे प्यादे मध्ये उभे आहे, त्यामुळे साधा शहसुद्धा बसत नाही. डावात काळ्याने आधी एफ२ चे प्यादे शह देत उचलले, परत एच४ ला आला आणि मग तीच वाट धरली. दोन चाली जास्त लागल्या, पण दुसरी रांग मोकळी झाली आणि शेवटी मात बसली.

एच२ वर उंट देण्याच्या या कल्पनेला ग्रीक गिफ्ट म्हणतात, आणि तिचे नाते सतराव्या शतकातल्या इटलीच्या जोआकीनो ग्रेकोशी जोडले जाते. ती नेहमी चालत नाही. बचाव करणाऱ्याचा घोडा एफ३ ला येऊ शकत असेल तर बहुधा फसते. इथे पांढऱ्याचा घोडा मारला गेला होता आणि ई४ च्या प्याद्याने एफ३ धरले होते, म्हणून चालली. पंधराव्या चालीच्या जागी १५. व×जी४ हाच पांढऱ्याला त्यातल्या त्यात मार्ग होता. १५... उं×जी४ ने वजीर जातो, पण मात टळते.

मग ४. घो-जी५ हीच चूक होती का? आमचे सर म्हणतात, एकच मोहरे दोनदा हलवू नये.

सरांचा नियम चांगला आहे, पण तो इथे थांबून तपासावा लागतो. ४. घो-जी५ ने एफ७ वर घोडा आणि उंट दोघांचा मारा होतो. ही खरी धमकी आहे आणि काळ्याला तिला उत्तर द्यावेच लागते. जुन्या पिढीतले नामवंत जर्मन खेळाडू झीगबर्ट टाराश यांनी या चालीला अडाण्याची चाल म्हणून हिणवले होते. दुसरीकडे, १९६३ मध्ये पुढे जगज्जेते झालेले बॉबी फिशर यांनी आर्थर बिसगायर यांच्याविरुद्ध हीच चाल खेळून, पुढे नवव्या चालीला घोडा एफ३ ऐवजी एच३ ला नेऊन डाव जिंकला. इतक्या मोठ्या माणसांचे जिथे एकमत नाही, तिथे दहा वर्षांच्या मुलाला ‘चूक’ म्हणून गप्प बसवू नये. चाल खेळता येते. फक्त ती खेळणाऱ्याने हे स्वीकारलेले असावे की प्यादे मिळेल आणि पुढच्या दहा चाली बचावात जातील. आमच्या नमुन्यातल्या पांढऱ्याला हे माहीत नव्हते. त्याला वाटत होते, हल्ला आपला आहे.

फ्राईड लिव्हर यातच येतो ना?

यातच. फ्राईड लिव्हर म्हणजे एफ७ वर घोडा देऊन काळ्याच्या राजाला उघड्यावर ओढण्याचा हल्ला. काळ्याने पाचव्या चालीला ५... घो×डी५ असे साधेपणाने प्यादे परत मारले की पांढरा ६. घो×एफ७ खेळतो. ६... रा×एफ७ ७. व-एफ३+ आणि आता डी५ चा काळा घोडा पिनमध्ये आहे (हलला तर उंटाचा शह राजावर बसतो), त्यावर वजीर आणि उंट दोघांचा डोळा आहे. तो वाचवायचा तर राजाला ७... रा-ई६ असे पटाच्या मध्यावर यावे लागते. ८. घो-सी३ ने डी५ वर तिसरा मारेकरी येतो. अचूक खेळले तर काळा टिकाव धरू शकतो, पण घड्याळ चालू असताना समोरासमोर हे निभावणारे हौशी खेळाडू फार थोडे. पांढऱ्याने आधी ६. डी४ खेळून मग हल्ला चढवायचा, तो लोली अटॅक, तोही तितकाच जहाल.

म्हणूनच ५... घो-ए५ ही चाल रुजली. तिला इटलीच्या पोलेरिओ या जुन्या खेळाडूचे नाव आहे.

मला ओपनिंगच्या किती चाली पाठ असाव्यात?

आकडा विचारू नका. तुमच्या डावात तुम्ही माहितीच्या वाटेवरून ज्या चालीला उतरलात, त्या चालीच्या पुढे एक चाल. पुढच्या डावात आणखी एक. नमुन्याच्या डावात पांढऱ्याला दहाव्या चालीपर्यंत माहीत होते, त्याने ११. डी४ आणि तिचे कारण शिकावे, बस. विसाव्या चालीपर्यंतची फाईल पाठ करून काही होत नाही, कारण समोरचा हौशी खेळाडू आठव्या चालीला स्वतःच्याच मनाची चाल खेळतो.

आणि कारणाशिवाय चाल पाठ करू नका. ‘डी४, कारण उंटाला दार हवे आणि ई४ चे प्यादे घालवायचे’ हे एकदा कळले की अगदी वेगळ्या ओपनिंगमध्येही तशीच जागा ओळखू येते.

डेटाबेस आणि ओपनिंग एक्स्प्लोरर कसा वापरावा?

ओपनिंग एक्स्प्लोरर म्हणजे एखाद्या स्थितीत आजवर कोण काय खेळले ते दाखवणारे साधन. लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर हे फुकट आहे. तिथे मास्टर्सच्या डावांचा साठा वेगळा आणि साध्या खेळाडूंच्या डावांचा वेगळा. दुसऱ्या साठ्यात रेटिंग आणि डावाचा प्रकार निवडता येतो. आपले लोक मास्टर्सचा साठा उघडतात आणि सर्वांत लोकप्रिय चाल उचलतात. माझा सल्ला, आधी आपल्या रेटिंगचा साठा उघडा. मास्टर्सच्या डावांत पाचव्या चालीला ५... घो-ए५ वरचढ आहे, पण खालच्या रेटिंगच्या डावांत ५... घो×डी५ भरपूर दिसते. म्हणजे शनिवार-रविवारच्या स्पर्धेत पांढऱ्याने बसणाऱ्याला फ्राईड लिव्हरची तयारीच जास्त उपयोगी पडेल. मास्टर्सचा साठा दुसऱ्या कामाला ठेवा: आपली स्थिती तिथे आली असेल तर पुढे मोठ्या खेळाडूंनी मोहरी कुठे नेली, ते दोन-तीन डाव शेवटपर्यंत खेळून बघा.

इंजिनच्या आकड्यांचा अर्थ कसा लावायचा?

+१ म्हणजे साधारण एका प्याद्याइतकी पांढऱ्याची सरशी. वजा चिन्ह असेल तर काळ्याची. अर्ध्या प्याद्याच्या आतले चढउतार आपल्या पातळीवर सोडून द्यावेत. त्यावर रात्र काढणारे पालक पाहिले की जीव हळहळतो. जिथे आकडा एकदम कोसळतो तेवढ्या दोन-तीन जागा बघा. आणि इंजिनची चाल समजली नाही तर तिला उलटे विचारा: तुमची चाल पटावर खेळा आणि इंजिन त्याला काय उत्तर देते ते बघा. चालीचे मोठेपण सांगण्यापेक्षा चुकीची शिक्षा दाखवण्यात इंजिन चांगला गुरू आहे.

ओपनिंगमुळे हरलो. ओपनिंग बदलू का?

तीन-चार डाव सलग घ्या आणि प्रत्येकात पंधराव्या चालीची स्थिती बघा. तिथे बरोबरी असेल आणि डाव नंतर गेला असेल, तर ओपनिंग निर्दोष आहे. कारो-कान ओपनिंग सोडून सिसिलियन ओपनिंग धरल्याने एंडगेम (थोडी मोहरी उरलेला डावाचा शेवटचा टप्पा) सुधारत नाही. प्रत्येक डावात पंधराव्या चालीलाच गुदमरायला होत असेल, तर मात्र बदला, मनात किंतु न ठेवता.

आमचे आजोबा देशी पद्धतीने खेळायचे. त्यांना ओपनिंग माहीत नव्हती, तरी भल्याभल्यांना हरवायचे. मग हा बाऊ कशाला?

आजोबांचा खेळ खरा होता, पण नियम वेगळे होते. देशी बुद्धिबळात प्यादे पहिल्यांदाही एकच घर चालते, त्यामुळे दोन्ही फौजा भिडायला वेळ लागतो आणि मोहरी सावकाश मांडता येतात. आंतरराष्ट्रीय नियमांत ई४ ई५ झाले की पहिल्याच चालीत प्यादी समोरासमोर ठाकतात, दुसऱ्या चालीला मारा सुरू होतो.

याचे सर्वांत मोठे उदाहरण पंजाबच्या मीर सुलतान खान यांचे. देशी नियमांवर वाढलेला हा माणूस इंग्लंडला गेला आणि १९२९, १९३२ आणि १९३३ अशा तीन वेळा ब्रिटिश अजिंक्यपद जिंकून आला. हेस्टिंग्जच्या १९३०-३१ च्या स्पर्धेत त्यांनी माजी जगज्जेते कापाब्लांकांनाही हरवले. ओपनिंगचे पुस्तकी ज्ञान ही त्यांची कमकुवत बाजू होती. तिथे मागे पडायचे आणि मिडल गेम, एंडगेममध्ये भरून काढायचे. त्यांच्या डावांतून मी हे घेतो की ओपनिंग कमी आली तरी माणूस मोठा खेळाडू होऊ शकतो, पण त्याची भरपाई करायला एंडगेम त्या तोडीचा लागतो. आठवड्यातल्या तीन तासांपैकी एक तास एंडगेमला द्या असे मी म्हणतो ते याचसाठी.

डाव संपल्यावर प्रतिस्पर्ध्यासोबत बसावे का?

नक्की. फक्त खेळण्याच्या हॉलबाहेर, बाकीचे डाव चालू असतात. ‘इथे तुम्हाला कशाची भीती वाटत होती?’ हा एकच प्रश्न विचारा. उत्तर ऐकून थक्क व्हाल. ज्या धमकीचा तुम्हाला पत्ताच नव्हता, तिच्यापायी समोरच्याने वीस मिनिटे घालवलेली असतात. वयाने मोठ्या खेळाडूला ‘काका, दहा मिनिटे बसूया का?’ म्हटले तर सहसा कोणी नाही म्हणत नाही.

जिंकलेला डाव बघायची गरज आहे का?

आहे. जिंकण्याने चुका झाकल्या जातात. नमुन्याच्या डावात पांढऱ्याने तेराव्या चालीला कॅसलिंगऐवजी डी४ खेळले असते तर काळ्याने काय केले असते? ते उत्तर काळ्याच्या वहीत असायला हवे.

मुलगी खेळते, मला स्वतःला बुद्धिबळ येत नाही. मी तिला कशी मदत करू?

तुम्हाला येत नाही, हे इथे चांगलेच आहे. तिला पट मांडायला सांगा आणि डाव समजावून द्यायला सांगा. ‘हा घोडा इथे का गेला?’ एवढेच विचारत राहा. तिला कारण देता आले तर पुढे चला. ‘असंच’ म्हणाली तर त्या चालीवर स्कोअरशीटवर छोटी खूण करा आणि काही न बोलता पुढे चला. शेवटी त्या खुणांचा कागद तिच्या प्रशिक्षकांकडे द्या. डाव हरली असेल त्या संध्याकाळी हे करू नका. दुसऱ्या दिवशी, जेवणानंतर, अर्धा तास.

वहीत नेमके काय लिहावे?

डावाचे पान एकच. वर तारीख, रंग, ओपनिंगचे नाव आणि आपण माहितीच्या वाटेवरून कितव्या चालीला उतरलो. मध्ये दोन स्थितींची चित्रे, आणि प्रत्येकीखाली ‘मला वाटले’ व ‘खरे असे होते’ अशा दोन ओळी. खाली, पुढच्या वेळी हीच ओपनिंग आली तर खेळायची एक चाल, कारणासकट. पुढच्या स्पर्धेच्या आदल्या रात्री नवे काही वाचू नका, फक्त या खालच्या ओळी वाचा.